एक रन शॉर्ट

पोटासाठी मी ग्रंथपाल, पण डिसेंबरात गावातल्या दोन जुन्या शाळांची मॅच आली की स्कोअरर. तिसऱ्या शाळेचा, म्हणून तटस्थ. मानधन म्हणजे नारळ, टोपी आणि चहा. जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आमचं, पण ते आठ दिवस कापसाच्या भावापेक्षा या मॅचची चर्चा जास्त. भेगाळलेल्या काळ्या मातीवर मॅटिंग ताणायला दहा माणसं धावतात, स्कोअररला टेबल मात्र कुणी देत नाही. १९८८च्या हॅरिस शिल्डमधली सचिन-कांबळीची ६६४ची भागीदारी शेंबड्या पोराला पाठ आहे. ती लिहून काढणाऱ्याचं नाव कोण घेतं?

शेजारी दुसरा स्कोअरर होता, बॅटिंग करणाऱ्या शाळेचा आठवीतला मुलगा. समोर ११३चं आव्हान, ओव्हर २०.

सतराव्या ओव्हरमध्ये फटका मिडविकेटकडे गेला, पोरं दोनदा पळाली. मी २ लिहिले. त्यानं १.

"अरे भो, स्वतःच्याच शाळेची रन खातोस?"

"सर, अंपायरनी खांद्याला हात लावला."

मी त्याला शिकवलं. एकच रन असती तर स्ट्राइक बदलली असती. तोच बॅट्समन पुन्हा समोर उभा आहे, म्हणजे दोनच. या युक्तिवादाचा मला तेव्हा अभिमान वाटला. त्यानं मुकाट्यानं खोडरबर घेतलं.

इथे बाहेरच्यांना एक सांगायला हवं. बॅट्समनच्या रना अधिक एक्स्ट्रा म्हणजे टोटल. बॉलरनी दिलेल्या रना अधिक बाय-लेगबाय, हीसुद्धा तीच टोटल. दोन्ही जुळलं की स्कोअरर निर्धास्त. पण एकच चूक दोन्हीकडे लिहिली तर पुस्तक जुळतं आणि तरी खोटं असतं. शिवाय अंपायरनं खूण केली की स्कोअररनं हात वर करेपर्यंत थांबायचं असतं. आमचे अंपायर भाऊ कधीच थांबत नाहीत. खूण करून तोंड फिरवतात.

शेवटच्या बॉलला बोर्डावर ११२. बरोबरी. फटका लांब गेला, पोरांनी एक रन काढली आणि बॅटी फेकून नाचायला लागली. ढोल, गुलाल. दोन्ही पुस्तकांवर सह्या झाल्या.

रात्री मळ्यात भरीत आणि कळण्याच्या पुऱ्या होत्या. भाऊ सहज म्हणाले, "सतराव्या ओव्हरला शॉर्ट रन दिली ना मी, क्रीजच्या वीतभर आधीच फिरला होता तो."

दोनदा पळून एक शॉर्ट. बॅट्समन तोच, रन एकच. माझ्या हिशेबात ही शक्यताच नव्हती.

भाऊंना सांगितलं. "सह्या झाल्या, निकाल बदलत नाही. पुरी घे." नियमही तेच म्हणतो. पण मॅच टाय झाली असती, असंही छातीठोक सांगता येत नाही. बोर्डावर खरा आकडा, १११, असता तर ती पोरं दुसऱ्या रनसाठी पळाली असती. बॉल सीमेजवळ होता. पोचली असती, किंवा रनआऊट झाली असती. मी रोज रात्री त्यांना पळवतो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या शाळेत जाऊन पुस्तक मागितलं. मुलगाच घेऊन आला. सतराव्या ओव्हरच्या चौकटीत २ च्या खाली पेन्सिलचा १ अजून दिसत होता. त्यानं खोडरबर जोरात घासलंच नव्हतं.

"काही चुकलं का, सर?"

"अक्षर छान आहे," म्हणालो आणि पुस्तक परत दिलं.