खेड्यात राहून मेटल कोट मिळवला, त्याचा अनुभव

पोकेमॉन गो या मोबाईल गेममध्ये सायथर या पोकेमॉनचा विकास करून सिझर करायचा तर सायथरच्या 50 कँडी आणि मेटल कोट ही एक वस्तू लागते. सायथरला बडी (गेममधला सोबती) करून वावरात फिरलं तरी दर 5 किलोमीटरला एक कँडी पदरात पडते. मेटल कोटसाठी मात्र पोकेस्टॉप (खऱ्या जागेवरचा गेममधला थांबा, त्याची डिस्क फिरवली की वस्तू मिळतात) गाठावा लागतो, अन् यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात तो एकही नाही.

सन स्टोन, किंग्ज रॉक, ड्रॅगन स्केल, अप-ग्रेड आणि मेटल कोट या वस्तू फेब्रुवारी 2017 मध्ये खेळात आल्या. एरवी डिस्क फिरवून त्या क्वचितच हाती लागतात. आपल्यासारख्यांना खरा आधार सलग 7 दिवसांच्या साखळीचा. रोज निदान एक स्टॉप फिरवला की सातव्या दिवशी यांतली एक वस्तू हमखास मिळते. कोणती, ते नशिबावर.

मी एसटीनं तालुक्याला कॉलेजला जातो. वाटेत फाट्यावरचं मारुतीचं देऊळ हाच माझा स्टॉप. धावत्या गाडीत डिस्क फिरत नाही, पण फाट्यावर सवाऱ्या चढतात-उतरतात तेवढा वेळ पुरतो. गेम अलीकडच्या नाल्यापासूनच उघडून ठेवायचा. रेंज एका काडीवर असते, आणि कंडक्टरनं डबल बेल मारली की संपलं.

अडचण रविवारची. त्या दिवशी तालुक्याचा बाजार असतो, म्हणून भाजी आणायचं काम मीच मागून घेतलं. आई म्हणे, "तुले कवापासून बाजाराची हौस आली रे?" पावसाळ्यात नाल्याला पूर आला, गाडी आलीच नाही आणि सहाव्या दिवशी साखळी तुटली. फार जिवाला लागलं ते. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात.

आधी सन स्टोन मिळाला, मग ड्रॅगन स्केल, आणि शेवटी मेटल कोट! ऑनिक्सचा स्टीलिक्सही मेटल कोटनंच होतो, म्हणून मित्र मागेच लागला, "ऑनिक्सले दे ना बे, केवढा मोठा स्टीलिक्स होते!" पण मी तीन स्टारवाला (गेमच्या मोजणीत दमदार) सायथर जपून ठेवला होता. सायथर बग-फ्लाईंग प्रकारचा, त्यामुळे रॉक प्रकारच्या हल्ल्यापुढे टिकत नाही. सिझर बग-स्टील, त्याला भीती फक्त आगीची. माझ्या मते पहिला कोट त्यालाच द्यावा.

ऑनिक्ससाठी साखळी परत सुरू केली आहे. सन स्टोन ग्लूम या पोकेमॉनला दिला. ड्रॅगन स्केल तसाच पडून आहे, कारण हॉर्सीपासून पुढे होणाऱ्या किंगड्रासाठी 100 कँडी लागतात आणि आमच्या भागात हॉर्सी फारसा दिसत नाही.