टीव्हीच्या होम स्क्रीनवरच्या जाहिराती घालवल्या (बऱ्यापैकी), माझा अनुभव

टीव्ही घेऊन दोन वर्षं झाली, कर्वे रोडच्या दुकानातून पूर्ण पैसे मोजून घेतलेला, ईएमआय पण नाही. तेव्हा होम स्क्रीनवर नुसती अ‍ॅप्सची रांग होती. मग मधे कधीतरी अपडेट आला आणि वरती अर्धी स्क्रीन खाणारा पट्टा सुरू झाला, कधी पिक्चर, कधी कार, अक्षय्य तृतीयेच्या आसपास सोनं. ब्रँडचं नाव लिहीत नाही, सगळे एकाच माळेचे मणी आहेत.

पण खरा राग आला तो कर्सरचा. टीव्ही लावला की कर्सर बरोब्बर त्या पट्ट्यावर येऊन बसतो, आईला सवय अशी की रिमोट हातात घेतला की आधी ओके दाबायचं, मग भलतंच अ‍ॅप उघडतं, ते म्हणतं लॉगिन करा, आणि ती मला ऑफिसात फोन करते, "अरे टीव्ही परत बिघडला बघ." बिघडला नाहीये गं, तसाच बनवलाय, हे फोनवर कसं समजावणार.

कस्टमर केअरचं ठरलेलं उत्तर, फॅक्टरी रीसेट करा. केलं. वायफायचा पासवर्ड टाकल्याटाकल्या अ‍ॅप्सच्या आधी जाहिरात हजर. असं बंद करायचं काही सेटिंगच नाही म्हणाले, आणि वर टेक्निशियन पाठवला. तो बिचारा सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमधून आला आणि म्हणाला, "दादा, पॅनल गेला, बोर्ड गेला तर मी करीन, हे वरूनच येतंय, माझ्या घरी पण येतं." त्याच्यावर काय चिडणार, चहा दिला.

मग १९१५ ला फोन लावला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. यांना कंपनीला हुकूम द्यायचा अधिकार नसतो, ते तक्रार कंपनीकडे पाठवतात आणि उत्तर मागवतात, एवढंच. पण कस्टमर केअरच्या पोरांना सोडून तक्रार वरच्या कोणाच्या तरी टेबलावर जाते हा मोठा फायदा. तक्रारीत "जाहिरातींचा त्रास होतो" असं मोघम लिहिलं नाही. एक लिहिलं की विकताना खोक्यावर किंवा बिलावर याचा उल्लेख नव्हता. दुसरं, "तुमच्यासाठी" नावाच्या रांगेत मधेच जाहिरातीची पोस्टरं घुसवली आहेत आणि त्यावर जाहिरात असं कुठेही लिहिलेलं नाही. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्र सरकारच्या डार्क पॅटर्नच्या (म्हणजे ग्राहकाला गंडवणारी स्क्रीनची रचना) मार्गदर्शक सूचनांमध्ये जे १३ प्रकार दिलेत त्यात लपवलेली जाहिरात हा एक आहे, तो नावासकट टाकला. शेजारचे काका म्हणत होते थेट जिल्हा ग्राहक आयोगात जा, वस्तू पाच लाखांच्या आतली असेल तर फी पण नाही. ते खरंय, पण मला नुकसानभरपाई नको होती, पट्टा जायला हवा होता.

काही दिवसांनी मेल आला. आधी नेहमीचं, की सेटअपच्या वेळी तुम्ही अटी मान्य केल्या होत्या (न करता टीव्ही पुढेच जात नाही हा भाग वेगळा), आणि खाली चक्क मेनूचा रस्ता दिलेला. जे सेटिंग नाहीच असं सांगितलं होतं तेच.

तर काय काय केलं. प्रायव्हसीत जाऊन जाहिरात आयडी डिलीट केला, आमच्यात फक्त अ‍ॅप्स दाखवायचा मोड आहे तो लावला. त्यामुळे टीव्ही स्वतःहून सुचवतो त्या सगळ्या रांगा गेल्या, व्हॉइस सर्च पण गेला, आईला तो नकोच होता. आणि एसीआर (ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन) बंद केलं. हे प्रत्येकाने बघाच. यात टीव्ही स्क्रीनवर काय चाललंय त्याचे नमुने घेऊन तुम्ही काय बघताय ते ओळखतो, सेट टॉप बॉक्सवरून आलेली मालिका असली तरी. सॅमसंगमध्ये ते व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस या नावाखाली असतं, एलजीत लाइव्ह प्लस. नावावरून कोणाला कळणार आहे? अमेरिकेत व्हिझिओ कंपनीला लोकांना न विचारता हेच केल्याबद्दल २०१७ ला २२ लाख डॉलर भरायला लागले, १ कोटी १० लाख टीव्हींचा मामला होता.

एवढं करून वरचा मोठा पट्टा तसाच राहिला. तो डीएनएसने घालवला, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा नेटवरचा पत्ता शोधून देणारी सेवा बदलून. नेटवाल्याने दिलेल्या राऊटरमध्ये डीएनएस बदलायची सोयच नव्हती, म्हणून टीव्हीच्याच नेटवर्क सेटिंगमध्ये आयपी (टीव्हीचा नेटवर्कवरचा नंबर) स्टॅटिक, म्हणजे हाताने टाकून कायमचा केला आणि डीएनएसच्या जागी जाहिराती अडवणाऱ्या अ‍ॅडगार्डचे ९४.१४०.१४.१४ आणि ९४.१४०.१५.१५ टाकले, फुकट आहे. आता टीव्ही जाहिरातीचा पत्ता विचारतो आणि त्याला उत्तरच मिळत नाही. पट्ट्याच्या जागी करडा चौकोन दिसतो, त्यावर ओके दाबलं तर काही होत नाही, आई खूश. यूट्यूबच्या जाहिराती याने जात नाहीत, त्या व्हिडिओ येतो तिथूनच येतात.

एक फुकटचं ओटीटी अ‍ॅप मात्र जाहिरातीच्या जागी अडकून बसायला लागलं. ते आता मोबाइलवर बघतो, जाहिरातींसकट, त्याबद्दल तक्रार नाही, पैसे दिलेले नाहीत तर जाहिरात बघू. टीव्हीचे दिलेत.

कोणी करणार असेल तर, राऊटर बदलला की स्टॅटिक आयपीमुळे टीव्हीचं नेट बंद पडू शकतं, तेव्हा आधी परत डीएचसीपी (राऊटर स्वतःच आयपी देतो ते) करून घ्यायचं, आयपीचे नवीन आकडे बघायचे, तेच परत स्टॅटिक करायचे आणि मग डीएनएस टाकायचा. आणि अपडेट आला की एसीआर परत चालू तर नाही ना झालं, बघायचं. आमच्याकडे झालं होतं.