घाटे अळीचा व्हायरस आणि त्याच्यातले रिपीट

लहानपणी हरभऱ्याच्या शेंड्याला उलटी लटकलेली काळपट अळी दिसली, बोट लावलं तर कातडी फुटून नुसतं पाणी बाहेर आलं. बाबा म्हणाले, फेकू नको, डब्यात टाक. अशा अळ्या वेचायच्या, पाण्यात ठेचायच्या, फडक्यातनं गाळायच्या आणि ऊन उतरल्यावर तेच पाणी फवारायचं, कारण उन्हात तो व्हायरस टिकत नाही. एचएएनपीव्ही म्हणतात त्याला, घाटे अळीला मारणारा व्हायरस.

पुढे शिकताना कळलं की त्याच्या डीएनएच्या गोल कड्यात साधारण 1,31,000 अक्षरं आहेत आणि मधेमधे पाच ठिकाणी तेच तेच तुकडे पुन्हा पुन्हा येतात, त्यांना एचआर म्हणतात. यावर सगळ्यात जास्त काम झालंय ते याच्याच एका भाऊबंदावर, एसीएमएनपीव्हीवर. त्याच्या एचआरमधे साधारण 30 अक्षरांचे पालिंड्रोम, म्हणजे उलटसुलट सारखेच वाचले जाणारे तुकडे असतात आणि बरोबर मधोमध जीएएटीटीसी ही सहा अक्षरं. पालिंड्रोम म्हटलं की आपल्याला 'चिमा काय कामाची' आठवतं, पण डीएनएचं जरा वेगळं आहे, इथे समोरच्या धाग्यावर ए समोर टी आणि जी समोर सी लिहायचं आणि मग तो धागा उलटा वाचायचा. एकदा कागदावर करून बघाच, परत जीएएटीटीसीच येतं! आणि पालिंड्रोमचे हे दोन सारखे अर्धे भाग उगाच नाहीत, व्हायरसचं आयई1 प्रोटीन जोडीनं येऊन तिथे बसतं आणि आजूबाजूच्या जीन्सचा आवाज, म्हणजे त्यांचं काम वाढवतं.

1990 च्या आसपास लोकांनी एचआर असलेला प्लाझमिड, म्हणजे डीएनएचं एक छोटं सुटं कडं, अळीच्या पेशीत घातला, वर व्हायरस सोडला, तर प्लाझमिडच्या कॉपी निघायला लागल्या, मग सगळ्यांना वाटलं की व्हायरसच्या डीएनएची कॉपी सुरू होते ती जागा हीच. पण नंतर व्हायरसचा एकही तुकडा नसलेल्या प्लाझमिडच्याही कॉपी निघाल्या, आणि 2007 मधे प्रत्येक एचआर एकेकटा काढून बघितला तर व्हायरसचं काहीच अडलं नाही, डीएनए तसाच वाढत राहिला. मला हा निकाल फार आवडतो, कारण यात एचआर बिनकामाचे ठरत नाहीत, एक गेला तर बाकीचे काम ओढून नेतात असंच दिसतं, आणि पुढे एकामागून एक काढत गेल्यावर पेशीतून बाहेर पडणारे व्हायरस खरंच कमी होत गेले.

आता परवा बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, म्हणजे बियाणं एकाच कणगीत ठेवलेलं नाही त्यानं.