केशरी पट्टा सुटला, पण जूनचे फोटो गेले

मंडळी, कोल्हापूरच्या पोलीस उद्यानातल्या तिरंग्याचे मागचे फोटो बघून तुम्ही सगळ्यांनी एकाच जागी बोट ठेवलं होतं: वरचा पट्टा रंगवलेल्या पत्र्यासारखा दिसतोय. खोटं नव्हतं. पांढऱ्यात, हिरव्यात घडी न् घडी मोजावी, आणि केशरी मात्र सपाट. आधी लेन्सला शिव्या घातल्या, मग पोलरायझरला, म्हणजे लेन्सपुढच्या चकाकी कापणाऱ्या फिल्टरला. (तो स्वस्तातला पोलरायझर आभाळाला जांभळी झाक देतो, ती तक्रार वेगळी. स्वस्त फिल्टर घेऊ नका, एवढंच सांगतो.)

रविवारी कोडं सुटलं. मी आजवर एकच पांढरा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख; उजव्या भिंतीला टेकला की तपशील उडाले समजायचं) बघायचो. तो उजवीकडे कुठे टेकत नव्हता, म्हणून निर्धास्त. या वेळी तिन्ही रंगांचे वेगवेगळे लावले, तर लाल भिंतीला चिकटून बसलेला! एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम गडद-उजळ करायची सोय) उणे एक केलं तरी हटेना. मग डोक्यात आलं, रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) शूट करत असलो तरी स्क्रीनवरचा हिस्टोग्राम कॅमेरा आतल्या जेपेगवरून, म्हणजे रंग चढवून तयार केलेल्या फोटोवरून काढतो. आणि माझं रंगांचं प्रोफाइल विव्हिड (भडक), व्हाइट बॅलन्स क्लाउडी (ढगाळ उजेडासाठीचा). दोघेही लाल चढवणारे. न्यूट्रल आणि डेलाइट केलं, उणे दोन तृतीयांशवर ठेवलं, आणि केशरी पट्ट्यात कापडाचे जोड दिसले. जोड! तिथेच एक चहा सांगितला.

चक्राचं मात्र रडगाणं चालूच. खांब 303 फुटांचा, झेंडा 90 बाय 60, म्हणजे चक्रच अठरा फुटांच्या आसपास; पण खांबाच्या जवळ उभं राहिलं की ते अंड्यासारखं दिसतं. दोनशे मीटर मागे गेलो, 70-300 ही लांबचं जवळ आणणारी लेन्स लावली, शटर 1/1000, आणि वारा उठला की बर्स्ट, म्हणजे एका दमात धडाधड फ्रेम. 140 फ्रेममध्ये एकीत चक्र पूर्ण उघडलं. मॉनिटरवर बोट ठेवून आरे मोजले, चोवीसच्या चोवीस.

पुढच्या रविवारी सकाळी सूर्य पाठीशी घेऊन जायचं ठरलं होतं. पण हे लिहिता लिहिता एक शंका आली, म्हणून जूनमधली उरलेली एक रॉ उघडून न्यूट्रल लावलं. केशरीत घड्या होत्या. पहिल्यापासून होत्या! रॉमध्ये लाल उडालाच नव्हता, आणि मी प्रिव्ह्यू बघून ही एक सोडून अख्खं कार्ड पुसून टाकलं.

तर सकाळचा बेत रद्द. रंग हाताशी आलाय, तर आता संध्याकाळी सूर्य झेंड्यामागे ठेवून बघतो; चक्र दोन्ही बाजूंनी सारखंच, उजेड कापडातून आरपार आला तर मजा येईल. वारा पश्चिमेचा असला तर झेंडा माझ्याच अंगावर येईल आणि घड्यांत चक्र हरवेल, म्हणजे दक्षिणेचा वारा हवा.

आणि पुसलेल्या रॉ परत मिळवणारं सॉफ्टवेअर कुणी वापरलंय का? कार्डावर नंतर फक्त भाचीचं बारसं शूट झालंय.