हरणाच्या शिंगाचे पेन : गाभ्यापाशी अडलेले काम

पेनसिल्व्हेनियात व्हाइटटेल हरणांच्या नरांची शिंगे साधारणपणे जानेवारी ते मार्चच्या दरम्यान आपोआप गळतात आणि अशा गळालेल्या शिंगांपासून लेथवर, म्हणजे तुकडा गरगर फिरवून तासणाऱ्या यंत्रावर, पेन घडवण्याचा मला छंद आहे. शिंग कापणे, भोक पाडणे, आत पितळी नळी चिकटवणे ही कामे सरावाने जमतात. काम अडते ते गाभ्यापाशी, आणि त्या गाभ्याने मला जितके छळले तितके लेथवरच्या दुसऱ्या कशानेही छळलेले नाही.

शिंग बाहेरून टणक आणि भरीव दिसते, पण आतला भाग घावनासारखा जाळीदार असतो. सात मिलिमीटरच्या नळीसाठी भोक पाडले तरी भोवतीच्या भिंतीत ती जाळी उरते, आणि लेथवर जाडी उतरवू लागताच एकेक छिद्र उघडे पडते. त्यावर पातळ सुपरग्लूचे थेंब सोडावेत, हा सल्ला सगळेच देतात. मात्र त्यानंतर किती थांबावे लागते, हे कोणी सांगत नाही. गोंद वरून वाळलेला दिसतो आणि आत ओलाच असतो. घाई करून वर अ‍ॅक्सिलरेटरचा, म्हणजे गोंद झटपट वाळवणाऱ्या रसायनाचा, फवारा मारला, की गोंद फेसाळतो आणि त्याचे पांढरे बुडबुडे छिद्रात कायमचे अडकतात. शिवाय एक थर उतरवून झाला, की त्याखालची नवी छिद्रे तोंड वर काढतात; म्हणजे पुन्हा लेथ बंद करायचा, पुन्हा थेंब सोडायचे आणि पुन्हा वाट पाहायची. मोठ्या छिद्रात शिंगाचाच बारीक भुसा दाबून त्यावर थेंब सोडला, तर भरणी टिकते. ‘पेनासाठी तयार’ म्हणून जास्त पैसे घेऊन विकलेल्या तुकड्यांचीही हीच अवस्था निघाली, याचा राग अजून गेलेला नाही. आता मी भोक पाडल्याबरोबर आतूनच गोंद पाजतो, तुकडा रात्रभर तसाच ठेवतो आणि मगच त्या भोकातून ड्रिल पुन्हा फिरवून नळी बसवतो. वेळ जातो खरा, पण चिडचिड निम्म्याने कमी होते.

भोक पाडताना ड्रिल सावकाश चालवावे आणि वारंवार बाहेर काढावे, कारण शिंग तापले की तडकते आणि जळक्या केसांचा वास घरभर पसरतो. हा भुसा हाडाचा असल्याने मास्क लावल्याशिवाय लेथ सुरू करू नये. शिंग गोळा करण्याचे नियम अमेरिकेत राज्यागणिक बदलतात आणि राष्ट्रीय उद्यानांतून तर ते उचलताच येत नाही. भारतातल्या वाचकांनी या छंदाच्या वाटेला जाऊ नये. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे चितळ-सांबराचे गळालेले शिंगही तिथे परवानगीशिवाय बाळगता किंवा विकता येत नाही, मग ते आजीच्या बटव्यातले सांबरशिंग का असेना.

आणखी दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. नळी चिकटवण्यापूर्वी तिला बाहेरून पांढरा रंग द्यावा, नाहीतर शिंगाची भिंत पातळ झाली की पितळ आतून झळकते. आणि घासताना सँडपेपर तुकड्याच्या दोन्ही टोकांना बसवलेल्या लोखंडी कड्यांना (बुशिंगला) लागू देऊ नये. त्यातून सुटणारी काळी भुकटी उघड्या छिद्रांत शिरते आणि कितीही पुसली तरी निघत नाही.