पाठ थोपटणारे

मॅन्डोलिन हातात दिलं की लोक ते आधी उलटं करतात. वाजवता येणारेही आणि न येणारेही. समोरून एक नजर टाकायची, तारांवरून एकदा अंगठा फिरवायचा, की लगेच पालथं. मागे मेपलच्या लाकडातल्या लाटा असतात. उजेडात जरा तिरकं धरलं की त्या सरकतात, चालत्या वाघाच्या अंगावरचे पट्टे हलावेत तशा. मग "वा!" येतो आणि पाठोपाठ हात. मी हौसेने बांधलेल्या दोन मॅन्डोलिनांची पाठ अशी पुष्कळांनी थोपटली आहे. पोटाला आजवर कुणी हात लावलेला नाही.

समोरच्या फळीला पोट हा माझा शब्द. सतारवाले तबली म्हणतात आणि तोच शब्द बरा. पण पाठ म्हटलं की पोट ओघानेच येतं.

खरं काम या पोटाचं. मॅन्डोलिनला आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, स्वर व्हायोलिनचेच. सगळ्या सुरात आणल्या की त्यांचा एकूण ताण सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जातो, म्हणजे एक धडधाकट माणूस झाला. त्यातला काही भार, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवाटे, थेट तबलीवर येतो. आणि तबलीची जाडी किती, तर मधोमध चार-पाच मिलिमीटर आणि कडेला साधारण तीन. एवढ्याशा फळीने भार पेलायचा, खचायचं नाही, आणि वर नखाचा धक्का लागला तरी थरथरायचं. हे दोन्ही साधणारं लाकूड म्हणजे स्प्रूस. पाण्याच्या निम्म्याहूनही हलकं, पण वजनाच्या मानाने भलतंच ताठ. त्याच्या रेषांच्या दिशेने आवाज सेकंदाला पाच-सहा हजार मीटर धावतो. हवेत तो साडेतीनशेसुद्धा गाठत नाही.

दिसायला मात्र स्प्रूस अगदीच साधा. फिकट पिवळा, वहीच्या पानासारखा रेघारेघांचा. या रेघा झाडाच्या वाढीच्या: फिकट पट्टा वसंतातल्या घाईच्या वाढीचा, मऊ, गडद रेघ हंगामाच्या शेवटी सावकाश झालेली, कठीण. निवडताना लोक इंचात किती रेघा ते मोजतात. मीही पहिल्या वेळी भिंग घेऊन मोजल्या होत्या. आता नाही मोजत. रेघा दाट असल्या म्हणजे लाकूड चांगलंच, असं काही नसतं. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की फळी करवतीने कापलेली आहे की ओंडका फोडून काढलेली. फोडताना लाकूड आपल्या धाग्यांप्रमाणेच उकलतं. करवतीला धाग्यांची पर्वा नसते, ती सरळ जाते आणि धागे तिरके तुटतात. अशी फळी मधून चिरून, पुस्तकासारखी उघडून दोन्ही भाग शेजारी जोडले की एक अर्धा उजळ आणि दुसरा सावळा दिसतो. वाद्य फिरवलं की सावळा उजळतो आणि उजळ सावळा होतो. दिसतो गमतीदार, पण त्या तिरक्या धाग्यांनी ताठपणाही थोडा गमावलेला असतो.

आणि मग ठोकून बघायचं. फळीच्या एका टोकापासून साधारण पाव अंतरावर दोन बोटांत धरायची आणि मध्यावर बोटाच्या पेराने टकटक करायची. चांगली फळी उत्तर देते आणि ते उत्तर थोडा वेळ रेंगाळतं. वाईट फळी पुठ्ठ्यासारखी "थप्" करून गप्प बसते. या सवयीपायी मी हल्ली लोकांची टेबलं आणि कपाटांची दारंही ठोकतो. घरच्यांनी बोलणं सोडून दिलं आहे.

मागच्या मेपलचं काय? त्या लाटांना आवाजात किती गुण द्यायचे? लाट म्हणजे धागे सरळ न वाढता नागमोडी वाढलेले, आणि उजेड त्यांच्यावरून कधी उसळतो, कधी आत जातो, एवढंच. स्पेनमधला थोर गिटार बांधणारा आन्तोनियो दे तोरेस याने १८६२ साली एक गिटार बांधली. तिची तबली नेहमीसारखी स्प्रूसची आणि पाठ व बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या. आवाज पोटातून येतो, पाठीतून नाही, हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार आज बार्सेलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्लिश अभ्यासात संशोधकांनी सहा गिटारी घेतल्या. बाकी सगळं सारखं, फक्त पाठ आणि बाजू वेगवेगळ्या लाकडांच्या, स्वस्तापासून दुर्मिळ महागड्यापर्यंत. बावन्न वादकांना त्या मंद उजेडात, डोळ्यांवर वेल्डिंगचा चष्मा चढवून वाजवायला दिल्या. महागडं लाकूड काही उठून दिसलं नाही. म्हणजे, उठून ऐकू आलं नाही.

न्यायाने एक सांगायला हवं. गिटारची पाठ जवळपास सपाट असते. आजच्या बऱ्याच मॅन्डोलिनांची कोरून फुगवलेली. नेपल्समधली जुनी मॅन्डोलिनं लाकडाच्या पट्ट्या वाकवून अर्ध्या भोपळ्यासारखी बांधत. अमेरिकेत ऑर्व्हिल गिब्सनने व्हायोलिनसारखी अखंड लाकडातून कोरलेली पाठ आणि तबली आणली. त्याचं पेटंट १८९८ चं. कोरीव पाठीची जाडी बदलली की आवाजाचा पोत बदलतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे. पण तो बदल जाडीचा आणि घडणीचा. लाटांचा नव्हे.

तरीही माझा वेळ जातो तो लाटांवर. नागमोडी धाग्यांवर रंधा धरला की धागे ठिकठिकाणी उपटून येतात, खड्डे पडतात. मग रंधा बाजूला ठेवायचा, पोलादी पत्र्याचं स्क्रॅपर घ्यायचं आणि कागदाहून पातळ कीस काढत बसायचं. मग रंग. आधी गडद रंग लावून तो घासून काढायचा, म्हणजे जिथे धागे टोकाने वर आलेत तिथे तो मुरून राहतो आणि लाट उठते. मग वरून मधासारखा पिवळा, कडेला तपकिरी. दुसऱ्या मॅन्डोलिनच्या पाठीवर मी असे तीन दिवस घातले. तबलीला एक संध्याकाळ.

त्या संध्याकाळीच ते झालं. पाठीला चालला तोच रंग मी स्प्रूसवर सरळ चोपडला. स्प्रूसचा मऊ फिकट पट्टा अधाशासारखा रंग पितो आणि कठीण गडद रेघ तोंड फिरवते. दहा मिनिटांत फिकट ते काळं आणि काळं ते फिकट, जुन्या फोटोच्या निगेटिव्हसारखं. शिवाय उतारावर जिथे कोरताना धागे कापले गेले होते तिथे मोठे डाग. स्प्रूसला आधी पातळ लाखेचा किंवा सरसाचा हात देऊन त्याची तहान भागवायची आणि मगच रंग, हे मी वाचलेलं होतं. वाचलेलं होतं म्हणजे माहीत होतं असं नाही. सगळं पुन्हा खरवडलं. खरवडता खरवडता अर्धा मिलिमीटर लाकूडही गेलं. ज्या पोटाने वर्षानुवर्षं तारा पेलायच्या त्याचं मांस मी रंगापायी काढत होतो, आणि पाठ शेजारी चकाकत पालथी पडली होती.

त्यावर चढवली लाख. लाखेचे किडे झाडाच्या फांद्यांवर जे कवच करतात त्याचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवायचे, कापसाचा बोळा सुती कापडात गुंडाळायचा आणि गोल-गोल फिरवत थरावर थर द्यायचे. हात थांबला की बोळा चिकटलाच. थर जितका पातळ तितकी तबली मोकळी राहते, म्हणून मी तबलीवर थोडक्यात आटोपतो. पॉलिश इतकं काही महत्त्वाचं नाही, असं मनाला समजवायला अमेरिकेतल्या ब्लूग्रास संगीताचा जनक बिल मन्रो आहेच. त्याचं मॅन्डोलिन गिब्सन कंपनीतल्या लॉइड लोअरने ९ जुलै १९२३ रोजी सही केलेलं. मन्रोने त्याच्यावरचं व्हर्निश स्वतःच खरवडून काढलं आणि पुढेही वर्षानुवर्षं त्यावर ब्लूग्रास वाजवलं.

ते दुसरं मॅन्डोलिन मी एका वाजवणाऱ्या मित्राकडे नेलं. त्याने उलटं केलं, पाठ पाहिली, थोपटली. मग सरळ करून पोटाशी घेतलं आणि वाजवायला लागला. तो तासभर वाजवत होता. तीन दिवस घासलेली माझी पाठ त्याच्या शर्टाला दाबून बसली होती, कुणाला दिसत नव्हती, धड थरथरतही नव्हती. समोर डाग खरवडून वाचवलेली, अर्धा मिलिमीटर गमावलेली साधी तबली बोलत होती. खर्जाच्या तारांना मी योजलं नव्हतं इतका घुमार होता. बहुधा त्या अर्ध्या मिलिमीटरचा.

आता तिसऱ्याची तयारी चालू आहे. यंदा पाठीला साधा, सरळ धाग्यांचा मेपल घ्यायचा असं पक्कं ठरवून मी काल ढिगापाशी बसलो. साधी फळी काढली, ठोकली, छान बोलली. तिच्याखाली दुसरी होती. नुसती बघायची म्हणून स्पिरिटचा बोळा तिच्यावरून फिरवला. लाटा एकदम वर आल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मिनिटभरात स्पिरिट उडालं आणि फळी परत कोरडी, निर्जीव झाली.

मी बोळा पुन्हा भिजवला.