निळी गोळी आणि आमची साथिया

मी गावात आशाताई आहे. निळ्या गोळीचा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा. वाढत्या वयातल्या मुलामुलींना रक्त कमी पडू नये म्हणून ती देतात; आठवड्याला एक, त्यात 60 मिलिग्रॅम लोह आणि जोडीला फॉलिक ॲसिड. मुली गोळी घ्यायच्या आणि गुपचूप खिडकीबाहेर टाकायच्या. का, ते मला कुणी सांगेना. सांगितलं ते आमच्या अकरावीतल्या साथियाने, म्हणजे पोरींमधूनच निवडलेल्या आरोग्याच्या मैत्रिणीने, "ताई, शी काळी होते, पोरी घाबरतात." मग तिनेच गटात सगळ्यांसमोर विषय काढला: जेवल्यावर घ्या, शी काळी होतेच, घाबरायचं कारण नाही. मी बोलले असते तर पोरी माना खाली घालून बसल्या असत्या.

2014 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात हजार लोकवस्तीमागे असे चार साथिया धरलेत, दोन मुलगे, दोन मुली. त्यांना नुसते तक्ते धरून उभं करू नका हो! ग्राम आरोग्य समितीच्या बैठकीत बसवा. आमच्या साथियाने तिथे सरपंचांसमोर सांगितलं, शाळेतल्या मुलींच्या संडासाला आतून कडी नाही. पाळीच्या दिवसांत मुली घरी का राहतात, हे तेव्हा कुठे बाप्यांच्या कानावर गेलं. कडी बसली. आता नळासाठी तिचा पाठपुरावा चालू आहे.